डेट्रॉइटजवळ स्वस्तातलं रिकामं घर घेताय? आधी तळघरात उतरा

नोवी, ट्रॉय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स. मिशिगनला नव्यानं आलेली आपली मराठी कुटुंबं बहुतेक याच पट्ट्यात राहतात, कारण गाड्यांच्या कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार इथं आहेत. अपार्टमेंटचं भाडं भरून कंटाळा आला की घराचा विचार सुरू होतो, भाव बघून डोळे पांढरे होतात, आणि मग कुणीतरी जाहिरात पाठवतं: चार बेडरूम, शाळा चांगली, शेजारच्या घरापेक्षा बरंच स्वस्त. बँकेचं आहे, रिकामं आहे, ‘थोडंसं काम आहे’. हे थोडंसं काम किती मोठं असू शकतं ते इथले काही हिवाळे काढल्याशिवाय लक्षात येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. आपल्यातल्या काहींनी अशी घरं घेतली आणि आज ती उत्तम उभी आहेत. पण ते आत शिरताना काय बघत होते, ते ऐका.

रिकाम्या घराबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हीट कधी बंद झाली? किंमत, शाळा, दाराची दिशा, सगळं नंतर. कोकणातल्या बंद घरात राखणीला माणूस राहिला आणि रोज चूल पेटली तर वासे टिकतात; माणूस गेला की वाळवी घर खाते. इथं तेच काम थंडी करते, आणि तिला दोन-तीन पावसाळे लागत नाहीत. जानेवारीतली एक रात्र पुरते. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. तांब्याचा पाइप ते सहन करत नाही, रेडिएटर करत नाही, वॉटर मीटरसुद्धा करत नाही. गोठलेलं असतं तोवर काही कळत नाही. बर्फ वितळला आणि पाणी चालू असलं की मग वरच्या मजल्यावरचं बाथरूम खालच्या हॉलच्या छतातून गळायला लागतं, आणि घरात कुणी नसल्यामुळे ते दिवसचे दिवस गळत राहतं.

आता एवढा काळ घर थंड का पडतं? मिशिगनमध्ये बँक कोर्टात न जाता, जाहिरात देऊन फोरक्लोजर, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी घराची जप्ती, करू शकते. पण शेरिफनं, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखानं, केलेल्या लिलावानंतरही जुन्या मालकाला पैसे भरून घर सोडवून घ्यायला बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. घर टाकून दिल्याचं ठरलं तर ही मुदत बरीच कमी होते, पण ते ठरवायलाही कुणी तरी हालचाल करावी लागते. मालकाला माहीत असतं की घर जाणार आहे, तेव्हा गॅसचं बिल तो कशाला भरेल? लिलावात घेणाऱ्याच्या, बहुतेक वेळा बँकेच्याच, हाती घर अजून पुरतं आलेलं नसतं. लिलाव ऑक्टोबरात झाला असेल तर मुदत एप्रिलात संपते. मधला अख्खा हिवाळा त्या घराला वाली नसतो.

बँकेनं ताबा घेतला की कंत्राटदार येऊन ‘विंटरायझेशन’ करून जातो. रस्त्याकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गिझरची टाकी रिकामी करायची, कॉम्प्रेसरनं पाइपांतलं पाणी फुंकून काढायचं आणि सिंक-कमोडच्या ट्रॅपमध्ये (गटाराची हवा अडवणाऱ्या पाइपाच्या वळणात) गुलाबी अँटिफ्रीझ ओतायचं. कमोडच्या झाकणाला टेप लावलेली दिसेल, कुठंतरी आरशावर किंवा दारावर तारखेचा स्टिकर. तो स्टिकर नीट वाचा. तारीख फेब्रुवारीची असेल आणि घर नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून रिकामं असेल, तर पाणी काढलं ते पाइप फुटून गेल्यावर. घर कधी रिकामं झालं हे रियाल्टरला (घराच्या दलालाला) माहीत नसतं, शेजाऱ्याला असतं. दार वाजवून विचारायला संकोच करू नका. शेजारी स्वतः त्या घराला कंटाळलेला असतो आणि भरभरून सांगतो.

आपल्याकडे पूर्वाभिमुख दार बघतात. जरूर बघा. पण त्याच वेळी स्वयंपाकघराचं सिंक कोणत्या भिंतीवर आहे तेही बघा. उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर पाइप आधी तिथं फुटतो. त्याखालोखाल गॅरेजच्या वरची बाथरूम, बागेच्या नळाची आतली बाजू, वॉशिंग मशीनची जोडणी. डिशवॉशर आणि फ्रिजच्या बर्फाच्या नळीतलं पाणी काढायला तर विंटरायझेशन करणारेही विसरतात. नव्या पद्धतीची जास्त कार्यक्षम फर्नेस (घर तापवणारी भट्टी) असेल तर तिच्यात साचणारं पाणी गोठूनही आतले भाग तडकतात, म्हणजे ‘फर्नेस नवी आहे’ या वाक्याला फार भाव देऊ नका.

पाणी बंद असताना केलेलं इन्स्पेक्शन अर्धंच असतं. ऑफर देतानाच ‘पाणी, वीज, गॅस चालू करून तपासणी’ ही अट घाला. बँका बहुतेक वेळा तुमच्या खर्चानं करू देतात. सरकारी हाउसिंग खात्याच्या ताब्यातल्या घरांत आधी पाइपात हवा भरून दाब टिकतो का बघतात. दाब टिकला नाही तर पाणी चालूच करू देत नाहीत. हवेचा काटा खाली आला तर भिंतीत कुठंतरी भोक आहे, एवढं नक्की. ते एक आहे की अकरा, हे भिंत फोडल्यावर कळतं.

आता तळघर. बेसमेंट हा प्रकार आपल्याला नवा असतो, म्हणून लोक वरचं किचन बघण्यात अर्धा तास घालवतात आणि खाली दोन मिनिटं डोकावतात. उलटं करा. इथली जमीन बऱ्याच ठिकाणी चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी. बेसमेंटच्या कोपऱ्यात खड्डा असतो, त्यात साचलेलं पाणी उपसणारा संप पंप, आणि तो विजेवर चालतो. वीज तोडली की पंप बंद, आणि वसंतात बर्फ वितळला की पाणी वर येतं. खड्ड्याभोवती वाळलेला गाळ, फर्नेसच्या पायाशी गंजाची रेघ, काँक्रीटच्या ब्लॉकवर पांढरी पूड हे सगळं पाणी येऊन गेल्याच्या खुणा. ब्लॉकच्या भिंतीला मध्यावर आडवी भेग असेल आणि भिंत आत झुकलेली वाटली तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, कारण गारठलेल्या घरात बाहेरची ओली माती गोठून भिंतीला आत ढकलते. भिंतीचा फक्त खालचा तीन फुटांचा भाग ताज्या रंगानं चकाकत असेल तर मी तरी तिथूनच परत फिरते. रंगवणाऱ्यानं काय झाकलं ते त्यालाच माहीत.

वासाबद्दल एक दिलासा. घरात गटाराचा वास येत असेल तर लगेच घाबरू नका. ट्रॅपमधलं पाणी वाळलं की गटारातली हवा वर येते, बादलीभर पाण्यानं हे सुटतं. ओलसर, कुबट वास मात्र वेगळा. तो प्लायवूडच्या पॅनेलिंगमागे किंवा कार्पेटखाली बुरशी असल्याचा असतो, आणि ब्लीच फवारून तो जात नाही; भिजलेलं ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे तक्ते) कापून बाहेरच काढावं लागतं. जुन्या झाडांच्या गल्लीत घर असेल तर गटाराच्या पाइपात कॅमेरा घालून बघायला सांगा. मातीच्या पाइपांत मुळं शिरलेली असतात, आणि घर बंद असल्यानं ती कुणाला जाणवलेली नसतात.

याहून अवघड घर म्हणजे अर्धवट सोडलेल्या कामाचं. किचन काढून टाकलंय, भिंतीतले लाकडी खांब (स्टड) उघडे आहेत, नव्या फरशांचे खोके कोपऱ्यात पडलेत. आपल्या इंजिनिअर मंडळींना हे बघून उलट हुरूप येतो: ‘तोडफोड झालीच आहे, फक्त लावायचं बाकी!’ थांबा. कुणीही हौसेनं अर्धं काम सोडत नाही. पैसे संपले, नवरा-बायको वेगळे झाले, कंत्राटदार आगाऊ रक्कम घेऊन गेला, शहरानं काम बंद करण्याची नोटीस लावली, किंवा भिंत उघडल्यावर आत असं काही दिसलं की हिशेबच कोलमडला. पहिली तीन कारणं त्याची. शेवटची दोन तुमच्या गळ्यात पडतात. तेव्हा काम का थांबलं हे कळल्याशिवाय सही नको.

ते कळतं शहराच्या बिल्डिंग डिपार्टमेंटमध्ये. पत्ता द्या आणि परमिटचा इतिहास मागा. कोणतं परमिट काढलं, कोणती तपासणी पास झाली, कोणती नापास, कोणती झालीच नाही. मिशिगनच्या नियमांप्रमाणे १८० दिवस काम ठप्प राहिलं तर परमिट रद्द ठरतं, म्हणजे तुम्हाला नव्यानं काढावं लागतं, आणि इन्स्पेक्टर आजच्या नियमांनी बघतो. वायरिंग तपासायच्या आधीच ड्रायवॉल चढवलं असेल तर तो सरळ म्हणतो, उघडा. परमिटच नसेल तर आणखी वाईट.

डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणाही पुष्कळ. हॉल आणि किचनमधली भिंत काढून मोकळं केलंय, पण वर बीम कुठंय? बेसमेंटमध्ये त्याच जागेखाली स्क्रूचा जॅक टेकू म्हणून उभा असेल तर उत्तर मिळालं. नव्या पाइपासाठी जॉइस्टला (मजल्याखालच्या तुळईला) खालून खाच मारलेली, वायरी बॉक्सशिवाय टेपनं जोडलेल्या, बाथरूमचा पंखा माळ्यावरच वाफ सोडतोय आणि वरचं प्लायवूड काळं पडलंय. ‘पाचवी बेडरूम बेसमेंटमध्ये’ असेल तर खिडकी मोजा. आगीत बाहेर पडण्यासाठी उघडल्यावर ५.७ चौरस फूट मोकळी जागा आणि खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांहून उंच नसलेली खालची चौकट लागते. ती नसेल तर ती खोली बेडरूम नाही, जाहिरात काहीही म्हणो.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, आणि अर्धवट कामात कुणीतरी ते कोरडंच घासलेलं असतं. जुन्या ९ इंची फरशा फोडलेल्या दिसल्या तर ॲस्बेस्टॉसची शक्यता. अशा घरात मुलांना बघायला म्हणूनसुद्धा नेऊ नका. चाचणी करून घ्या, मग ठरवा.

आणि चोऱ्या. रिकाम्या घरातलं तांबं भंगारवाले भिंत फोडून काढतात, बाहेरचा एसी उचलून नेतात. डेट्रॉइट शहरात २००८ नंतर हे इतकं झालं की जी घरं वाचवता आली असती तीही गेली. २००९ साली जीएम आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, २०१३ मध्ये खुद्द शहर गेलं, आणि २०१४ च्या पाहणीत ८४ हजारांवर इमारती आणि भूखंड पडीक किंवा त्या वाटेवर असल्याचं नोंदलं गेलं. आज शहर पुष्कळ सावरलंय. तरी करथकबाकीच्या लिलावात ‘पाचशे डॉलरपासून घर’ ऐकून इथं बसून बोली लावू नका. तिथं मिळणारं क्विट क्लेम डीड फक्त एवढंच सांगतं की देणाऱ्याचा जो काही हक्क असेल तो तुम्हाला दिला. हक्क किती, याची हमी नाही. लँड बँकेकडून (पडीक घरं विकणाऱ्या सरकारी संस्थेकडून) घर घेतलं तर ठरावीक मुदतीत ते राहण्याजोगं करून दाखवावं लागतं.

पैशांची बाजू थोडक्यात. शेरिफच्या लिलावात रोख लागते आणि घर आतून बघायला मिळत नाही, नवख्यानं तिकडं जाऊ नये. बँकेच्या मालकीचं झालेलं घर टायटल इन्शुरन्ससह (मालकीहक्काच्या विम्यासह) घ्या. मागच्या कंत्राटदाराचे पैसे थकले असतील तर तो शेवटच्या कामापासून ९० दिवसांत घरावर लीन, म्हणजे थकबाकीचा बोजा, नोंदवू शकतो. पाणीपट्टीची थकबाकीही घरालाच चिकटते. दुरुस्तीचा खर्च धरून कर्ज देणारी एफएचएची (घरकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी खात्याची) २०३(के) योजना अजूनही लोक सुचवतात, पण मे २०२५ पासून एफएचए कर्ज एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंद झालंय. ग्रीन कार्ड नसेल तर फॅनी मेच्या, तसाच दुरुस्तीचा खर्च धरणाऱ्या, होमस्टाइल कर्जाबद्दल विचारा. स्वतःच्या घराला रंग देणं वेगळं, आणि घरं घेऊन दुरुस्त करून विकणं वेगळं. दुसरं एच-१बीवर अनधिकृत काम ठरू शकतं, तेव्हा आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. ‘सगळे करतात’ हे तिथं चालत नाही.

घर घेतलंतच, तर विम्याच्या एजंटला क्लोजिंगच्या (खरेदीच्या अंतिम सह्यांच्या) आधी फोन करा आणि काम संपेपर्यंत घर रिकामं राहणार आहे हे स्पष्ट सांगा. नेहमीच्या पॉलिसीत घर सलग ६० दिवस, काहींत ३० दिवस, रिकामं राहिलं की तोडफोडीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी असते. मालकी बदलल्याचं प्रतिज्ञापत्र शहराच्या असेसरकडे (करासाठी घराचं मूल्य ठरवणाऱ्याकडे) ४५ दिवसांत द्यायचं असतं. कुलपं पहिल्याच दिवशी बदला, जुन्या किल्ल्या किती जणांकडे आहेत कुणालाच माहीत नसतं. काम हिवाळ्यात सरकलं तर थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नका. आणि वास्तुशांतीची तारीख गुरुजींकडून घ्यायची ती शहराची शेवटची तपासणी पास झाल्यावर. होमाच्या धुरानं स्मोक अलार्म वाजणारच. तो अलार्म कंपनीला जोडलेला असेल तर त्यांना सकाळीच फोन करून ठेवा, नाहीतर सत्यनारायणाच्या कथेच्या ऐन मध्यावर दारात फायर ट्रक येतो.