स्पिट्सबर्गेनची जहाजफेरी : तयारी आणि झोडियाकमधून उतरणं

स्पिट्सबर्गेन या नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहातल्या बेटाला पूर्ण वळसा घालायचा असेल तर जुलैअखेर ते ऑगस्ट गाठा. त्याआधी हिनलोपेन सामुद्रधुनीत बर्फ अडून राहतो आणि जहाज माघारी वळतं. स्वालबार शेंगेनबाहेर (युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसा क्षेत्राबाहेर) आहे, पण वाट ओस्लोवरून जाते. म्हणून भारतीय पासपोर्टवर दोनदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा लागतो. एकदाच प्रवेशाचा घेतलात तर परतीला अडकाल.

किनाऱ्यावर धक्का नसतो, झोडियाक म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटीतून उतरावं लागतं. वॉटरप्रूफ पँट गमबुटाच्या बाहेर ठेवा. आत खोचलीत तर पहिल्याच लाटेला बूट भरतो, आणि पाणी गोठणबिंदूच्या आसपास असतं. आत लोकरीचे मोजे. जीन्स नकोच, भिजली की वाळत नाही. कॅमेरा बॅगेत, दोन्ही हात मोकळे. खलाशाचा पंजा नव्हे, मनगट धरा. तोही तुमचं मनगट धरेल, म्हणजे ओला हातमोजा सटकला तरी पकड सुटत नाही. बोटीच्या कडेवर बसून, सांगतील तेव्हाच सरका. घाई करणारेच पडतात.

ध्रुवीय अस्वलापासून किमान 300 मीटर (1 मार्च ते 30 जूनमध्ये 500) अंतर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे मोबाइलवर ठिपकाच दिसेल. 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण न्याच. जादा बॅटरी आतल्या खिशात. थंडीत चार्ज झपाट्याने उतरतो. अस्वल दिसलं तर उतरणं रद्द होतं, त्यावर हुज्जत घालू नका.