नवजात रॅटच्या पॅन्क्रियातलं (स्वादुपिंडातलं) इन्सुलिन मोजताय? या चुका टाळा

दोन दिवसांचं पिल्लू म्हणजे मोठ्या रॅटचीच छोटी कॉपी, असं धरून चालणारी पोरं दरवर्षी लॅबमध्ये येतात आणि त्याच त्या चुका करतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे एकाच आईची आठ पिल्लं घ्यायची आणि एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, आठ लिहायचं. आमच्याकडे एकाने लॅब मीटिंगला झकास ग्राफ लावला, औषधाचं इंजेक्शन दिलेल्या पिल्लांत इन्सुलिन कंट्रोलपेक्षा, म्हणजे औषध न दिलेल्यांपेक्षा, चांगलंच जास्त, वर तीन स्टार (फरक योगायोगाचा नाही म्हणे), गाईड खूश. मी एवढंच विचारलं की कंट्रोल कुठल्या पिंजऱ्यातले? तर सगळे एकाच आईचे, तिला डझनभर पिल्लं, आणि इंजेक्शनवाले दुसरीचे, तिला जेमतेम पाच. आता प्यायला पाचच तोंडं असल्यावर दूध भरपूर मिळणार, वजन वाढणार, इन्सुलिनही वाढणार, यात औषधाने काय केलं ते कळणार कसं? वर ऐकायला मिळालं, "पण सर, पिल्लं तर भरपूर आहेत ना!" अरे पण आया दोनच आहेत. मी जन्माच्या दिवशीच प्रत्येक आईकडे आठ-आठ पिल्लं करून टाकतो, एकाच वेतातली निम्मी कंट्रोल, निम्मी इंजेक्शनला, आणि एन मोजायचा तो आयांचा. माद्या जास्त लागतात, महिने जातात, जाऊ देत.

दुसरं, ग्लुकोज वाढवूनही इन्सुलिन फारसं वाढलं नाही की लगेच "आयलेट (पॅन्क्रियातले हार्मोन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके) मेले". अहो, नवजात बीटा सेल, म्हणजे आयलेटमधल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, असतातच तशा. 2.8 मिलिमोलर ग्लुकोजला मोठ्यांचे आयलेट जवळपास गप्प असतात, पिल्लांचे मात्र तिथेही इन्सुलिन सोडत बसतात आणि 16.7 ला नेलं तरी मोठ्यांसारखी उडी मारत नाहीत. ग्लुकोजची ती जाण दूध सुटेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवड्यांत, हळूहळू येते. त्यामुळे कोलॅजिनेजचे (टिश्यू विरघळवून आयलेट सुटे करणाऱ्या एन्झाइमचे) लॉट बदलत बसण्याआधी पोटॅशियम क्लोराइड देऊन बघा, ते ग्लुकोजशिवायही पेशींना इन्सुलिन सोडायला लावतं, इन्सुलिन सुटलं तर पेशी ठीक आहेत. हां, मोठ्यांचा कोलॅजिनेजचा टाइम लावला असेल तर गोष्ट वेगळी, पिल्लांच्या मऊ टिश्यूची त्यात पेज होते.

बाकी पटापट. पॅन्क्रियाची नुसती शेपटीकडची बाजू काढून ग्लुकॅगॉनचा (साखर वाढवणाऱ्या हार्मोनचा) आकडा देऊ नका, ते बनवणाऱ्या पेशी तिकडेच जास्त असतात, अख्खा पॅन्क्रिया घ्या. काढला की तडक थंडगार अ‍ॅसिड-इथेनॉलमध्ये टाका, चहाला नंतर जा, प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइम, कुणासाठी थांबत नाहीत. एलायझात (अँटीबॉडी वापरून इन्सुलिन मोजायच्या टेस्टमध्ये) एक्स्ट्रॅक्ट तसाच ओतू नका, इन्सुलिन फारच जास्त असलं की अँटीबॉडी पुऱ्या पडत नाहीत आणि या हुक इफेक्टमुळे ते उलट कमी दिसतं, दोन-तीन डायल्यूशन लावा आणि गुणून आकडे जुळतात का बघा. प्रति मिलिग्रॅम प्रोटीन एवढंच देऊ नका, वयाबरोबर पॅन्क्रियाचा पाचक एन्झाइमवाला भाग वाढतो आणि भाजकच बदलतो, प्रति पॅन्क्रिया पण द्या.

आणि जन्माचा दिवस शून्य धरलाय की एक, ते वहीत आधी लिहा. रॅटमध्ये दुसऱ्या आठवड्याच्या शेवटाकडे बीटा सेल मरण्याची लाट येते, तिथे एका दिवसानेही फरक पडतो. रविवारी पिंजरे कुणी बघितलेच नसतील तर सोमवारी दिसलेली पिल्लं "आजचीच" म्हणून लिहू नका.