विशारद झालात? आता जरा गप्प बसा

विशारद होऊन म्युझिक थेरपीकडे वळणाऱ्यांची पहिली चूक ठरलेली: पेटी उघडायची आणि गायला लागायचं. मीही तेच केलं.

बेळगावातला एक वृद्धाश्रम. पक्षाघातानं वाचा गेलेल्या एक आजी. आडनाव मराठी, सून मराठी, म्हणून मी बेधडक अभंग धरला. तीन दिवस आजी भिंतीकडे बघत बसल्या. चौथ्या दिवशी भांडी घासणारी मावशी कन्नड जोगुळ, म्हणजे अंगाईच, गुणगुणत गेली आणि आजींचा डावा हात मांडीवर ठेका धरू लागला. माहेर गोकाककडचं! फॉर्मवर ‘लहानपणची भाषा आणि गाणी’ असा रकाना होता. मी ‘मराठी’ लिहून मोकळी झाले होते. सीमाभागात राहून ही चूक म्हणजे कमालच.

म्हणून शिकायला येणाऱ्या मुलांना मी सुरुवातीला गाऊच देत नाही. आधी असेसमेंट: ऐकू किती येतं, हात किती हलतो, कोणत्या आवाजानं माणूस दचकतो. ‘अमुक रोगावर अमुक राग’ असे तक्ते व्हॉट्सअॅपवर फिरतात, ते बाजूला ठेवा.

वाचा गेलेल्यांसाठी मेलोडिक इंटोनेशन थेरपी ही पद्धत १९७३ साली अमेरिकेत मांडली गेली. ‘पाणी दे’सारखं रोजचं वाक्य दोन सुरांत, डाव्या हातानं ठेका धरून म्हणवून घ्यायचं आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. ती प्रत्येकाला लागू नसते; समज बरी पण बोलणं अडलेलं, अशांना ती जास्त उपयोगी. ते ठरवायला सोबत स्पीच थेरपिस्ट हवा. ठेक्यावर चालण्याचा सराव घेतानाही तसंच. माणूस मिनिटाला ६० पावलं टाकत असेल तर ठेका ६०चाच, मग ६३. भजनातल्यासारखी लय चढवलीत तर पेशंट पडेल.

नोंदी लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा. ‘आजी खूश झाल्या’ ही नोंद नव्हे. ‘ओळीचा शेवटचा शब्द १० पैकी ४ वेळा स्वतःहून म्हटला’ ही नोंद. आणि घरच्यांच्या लेखी परवानगीशिवाय मोबाईल बाहेर काढायचा नाही. एका मुलानं सेशनचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. पेशंटच्या लेकीनं फोनवर जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं. चूक आमचीच होती.

कोर्स निवडताना फी विचारण्याआधी विचारा, प्रत्यक्ष पेशंटसोबत, देखरेखीखाली किती तास मिळतात? अमेरिकेत पदवीसाठी किमान १२०० तासांचं क्लिनिकल प्रशिक्षण लागतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट भिंतीवर छान दिसतं, एवढंच.

कन्नड येत नसेल तर निदान ‘बेकु’, म्हणजे हवं, आणि ‘साकु’ हे दोन शब्द पाठ करा. ‘साकु’, म्हणजे पुरे, कानावर आलं की अंतरा अर्ध्यात असला तरी थांबायचं. मला अजून जड जातं.