पहाटे मेलेले मासे, दुपारचे नमुने: तलावांच्या अभ्यासात आणि निगराणीत या चुका टाळा

ठाण्यात मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी असे 30 हून अधिक तलाव आहेत. महाविद्यालयांचे प्रकल्प, निसर्गमंडळांच्या पाहण्या आणि सोसायट्यांच्या तक्रारी यांच्या निमित्ताने यांपैकी कुठल्या ना कुठल्या तलावाच्या पाण्याची तपासणी सतत चालू असते. तरीही या तपासण्यांतून निघणारे निष्कर्ष पुष्कळदा प्रत्यक्षाशी जुळत नाहीत, आणि त्यांच्या आधारे केलेले उपाय तर काही वेळा मूळ दुखण्यात भरच घालतात. तलावात राहणारे जीव त्याचे पाणी तासागणिक बदलत असतात, ही साधी गोष्ट नजरेआड होणे, हे याचे मुख्य कारण आहे.

वेळ न पाहता घेतलेला नमुना

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. दिवसा उन्हात पाण्यातील सूक्ष्म शेवाळ प्रकाशसंश्लेषण करते आणि ऑक्सिजन सोडते, तर रात्री तेच शेवाळ, मासे आणि गाळातील जिवाणू मिळून तो वापरत राहतात. त्यामुळे हिरव्यागार तलावात ऑक्सिजनची पातळी दुपारी शिखरावर आणि सूर्योदयाच्या सुमारास तळाला असते. मासे पहाटे मरतात, नमुना मात्र सकाळी अकरानंतर, सगळे जमल्यावर घेतला जातो, आणि अहवालात ‘ऑक्सिजन समाधानकारक’ असा शेरा पडतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार मासे आणि वन्यजीव यांच्यासाठीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम असावा लागतो. याचा अर्थ आकडा जितका मोठा तितके पाणी निरोगी, असा मात्र नाही. 30 अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेशी समतोल राखून साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. दुपारी मीटरवर 11 किंवा 12 दिसले, तर ते शेवाळ बेसुमार वाढल्याचे चिन्ह समजावे आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी त्याच जागी पुन्हा मोजमाप करावे. शक्य असेल तर पृष्ठभागाजवळ आणि तळाच्या थोडे वर, अशा दोन खोलींवर ते करावे, आणि वहीत तारखेबरोबर वेळ, आभाळाची स्थिती व आदल्या दिवशीचा पाऊस हेही लिहावे. जूनमधील पहिल्या सरींनंतर या नोंदीला विशेष महत्त्व येते. रस्त्यावरील घाण गटारांतून तलावात उतरते, ढगांमुळे प्रकाशसंश्लेषण मंदावते, आणि दोन्ही बाजूंनी ऑक्सिजनचा हिशेब तुटीत जातो.

मीटर नसेल तर विंकलर पद्धत, म्हणजे रसायने घालून ऑक्सिजन मोजण्याची रीत, आजही विश्वासार्ह आहे. मात्र बाटली भरण्यात घाई चालत नाही. नळीचे टोक बाटलीच्या तळाशी ठेवून पाणी सावकाश चढू द्यावे, काही वेळ बाहेर सांडू द्यावे आणि बूच लावताना आत एकही बुडबुडा राहू देऊ नये. अभिक्रियाकारके (तपासणीची रसायने) तलावाच्या काठावरच घालावीत. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर तो जवळजवळ संपलेला आहे. बाटली तशीच पिशवीत टाकून रिक्षाने प्रयोगशाळेत नेली, तर वाटेत जिवाणू आपले काम करत राहतात आणि हाती येणारा आकडा तलावाचा उरत नाही.

अमोनियाचा आकडा एकटा वाचणे

प्रयोगशाळेचा अहवाल बहुधा एकूण अमोनिया सांगतो. माशांना प्रामुख्याने विषारी ठरतो तो त्यातील मुक्त अमोनिया, आणि त्याचे प्रमाण सामू (पीएच) व तापमान यांवर ठरते. 25 अंशांना सामू 7 असेल तर एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग मुक्त असतो; सामू 9 झाला की तोच भाग एक तृतीयांशाच्या वर जातो. म्हणजे एकूण अमोनिया लिटरमागे 2 मिलिग्रॅम असा एकच आकडा सकाळी जवळजवळ निरुपद्रवी आणि त्याच दिवशी दुपारी, शेवाळाने पाण्यातील कार्बन डायऑक्साइड खेचून सामू वर नेल्यावर, घातक ठरू शकतो. सामू आणि तापमान त्याच क्षणी मोजलेले नसतील, तर अमोनियाच्या तपासणीवर केलेला खर्च वाया गेला असे मानायला हरकत नाही.

खाडीचे पाणी आणि गोड्या पाण्याची फूटपट्टी

नवी मुंबईतील धारण तलाव भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी बांधलेले आहेत, आणि खाडीशी जोडलेले असल्याने त्यांत खारे पाणी शिरते. तेथे पाण्याची प्रत ओळखण्यासाठी गोड्या पाण्यातील कीटकांची यादी घेऊन जाणे व्यर्थ आहे. आधी क्षारता मोजावी, ऑक्सिजन मीटरमध्ये तिची दुरुस्ती भरावी आणि मगच पुढचे ठरवावे. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातील हंगामी ओढ्यांबाबतही तशीच दक्षता लागते. ऑगस्टमधील वाहत्या पाण्याची हिवाळ्यातील डबक्यांशी तुलना केली, तर दिसणारा फरक प्रदूषणाचा नसून ऋतूचा असतो. गाळात लाल अळ्या दिसल्या म्हणून पाणी सडले, असाही निष्कर्ष काढू नये. हिमोग्लोबिनमुळे लाल दिसणाऱ्या या कायरोनोमिड अळ्या स्वच्छ तलावाच्या गाळातही सापडतात. चिंतेची बाब असते ती त्यांच्याखेरीज दुसरे काहीच न सापडणे.

उपायांतील चुका

शोभेची कारंजी संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी चालतात आणि रात्री बंद होतात, म्हणजे माशांना त्यांची गरज भासते नेमकी तेव्हाच. वेळापत्रक मध्यरात्रीनंतर सूर्योदयापर्यंतचे ठेवले, तर तेवढ्याच विजेत अधिक उपयोग होईल. हिरवे पाणी पाहून मोरचूद टाकण्याचा सल्ला तर ऐकूच नये. एकदम मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खाते, आणि शेवाळ मायक्रोसिस्टिससारखे विषारी असेल तर पेशी फुटून त्यांतील विषही पाण्यात उतरते.

जलपर्णीबाबत उल्हास नदीच्या काठी जे दिसते, तेच लहान तलावांतही घडते. वनस्पती उपसून काठावरच ढीग लावले जातात आणि पावसात त्यांतील नत्र व स्फुरद पुन्हा पाण्यात जातात. ढीग काठापासून दूर न्यावेत आणि उपसा फुलोऱ्यापूर्वी करावा, कारण तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. तणनाशक फवारल्यास मेलेली जलपर्णी तळाशी बसते आणि दुखणे केवळ नजरेआड होते.

मासे सोडण्याचा उत्साह याहून घातक आहे. डासांसाठी 1928 मध्ये भारतात आणलेला गॅम्बुसिया डासांच्या अळ्यांबरोबर स्थानिक माशांची अंडी आणि प्राणी-प्लवकही (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) खातो. प्लवक घटले की त्यांच्याकडून खाल्ले जाणारे शेवाळ मोकाट वाढते. 1952 मध्ये आलेला तिलापिया आणि बंदी असूनही बाजारात मिळणारा आफ्रिकन मांगूर यांचेही कौतुक नको. घरच्या टाकीतील सकरमासा किंवा लाल कानाचे कासव तलावात सोडणे ही भूतदया नव्हे. सिमेंटच्या उभ्या भिंतीऐवजी थोडा तरी उतरता काठ आणि पाणकणसाची पट्टी ठेवली, तर चतुर या कीटकांना पाण्याबाहेर येण्यासाठी आधार आणि माशांच्या पिलांना लपण्यासाठी जागा मिळते.

मासे मेलेले आढळले तर

प्रथम वेळ आणि प्रकार नोंदवावेत. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकत असतील, मोठे आधी मरत असतील आणि हवेतून श्वास घेणारा मरळ टिकून असेल, तर बहुधा ऑक्सिजनची तूट आहे. दिवसाच्या कोणत्याही वेळी लहानमोठे सगळे मासे, शिवाय पाणकिडेही मेलेले दिसले, तर विषारी द्रव्याचा संशय घ्यावा. दोन्ही प्रसंगी माशांना पाव टाकणे तत्काळ थांबवावे आणि हवा खेळवणारी यंत्रणा सुरू करावी; मेलेले मासे काढून टाकण्यापूर्वी मात्र नमुने घ्यावेत. कीटकनाशकाच्या तपासणीसाठी पाणी काचेच्या बाटलीत भरावे आणि ती अंधारात व गार ठेवावी. नुकतेच मेलेले किंवा मरणासन्न मासे बर्फात ठेवावेत. ते फॉर्मालिनमध्ये बुडवले, तर रासायनिक तपासणीसाठी त्यांचा उपयोग राहत नाही.