शाळेच्या बसमधून उतरल्यावरचे पहिले तीन मीटर

मूल बसमध्ये बसलेलं असतं तोवर बऱ्यापैकी सुरक्षित असतं. खरा धोका पायरीपासून फुटपाथपर्यंत आणि बसभोवतीच्या तीनेक मीटरांत. पहिली-दुसरीतलं मूल साधारण 110 ते 120 सेंटिमीटर उंच. ते बसच्या पुढ्यात अगदी लागून उभं असलं, तर चालकाला काचेतून दिसेलच असं नाही. मागच्या चाकाजवळ तर नाहीच.

म्हणून सुरुवात थांब्यापासून करा. थांबा घराच्याच बाजूला मागून घ्या, मग बस वळसा घालून येण्यात दहा मिनिटं गेली तरी चालतील. चौकाच्या वळणावर थांबा नको, वळणापासून किमान पंधरा-वीस मीटर आत हवा. उभ्या टेम्पोंच्या रांगेत तर नकोच. बस येण्याच्या पाच मिनिटं आधी पोचा. बस निघालेली दिसली की मुलं धावतात आणि तिथेच पडतात. उभं राहायचं कडेपासून दोन मोठी पावलं मागे.

आता उतरणं. पुण्यात बस थांबली की दुचाकी उजवीकडून जातातच, पण फट दिसली तर डावीकडूनही घुसतात. चालकाने फुटपाथपासून मीटरभर अंतर सोडून बस उभी केली, की ती फट म्हणजे दुचाकीची लेनच. चालकाला बस फुटपाथला शक्य तितकी लागून घ्यायला सांगा. दार उघडल्यावर आधी बसमधल्या ताई उतरतील, मागे वळून बघतील, हात आडवा धरतील आणि मगच मुलं एकेक करून उतरतील. हा क्रम मोडणारी ताई कितीही प्रेमळ असली तरी तिला पुन्हा सांगावंच लागेल.

दप्तराचे दोन्ही पट्टे खांद्यावर हवेत. लोंबणारी टोकं गाठ मारून आखूड करा. पाण्याची बाटली गळ्यात नको, दप्तरात ठेवा. पट्टा दारात अडकला आणि बस निघाली, तर मूल तिच्याबरोबर ओढलं जातं. रेनकोट पिवळा किंवा केशरी घ्या. पण टोपीकडे नीट बघा: सैल टोपी डोक्याबरोबर वळत नाही, त्यामुळे मूल उजवीकडे मान वळवतं आणि त्याला फक्त कापड दिसतं. टोपी कपाळाला घट्ट बसणारी हवी, नाहीतर ओलांडताना मागे सारायची. लहानग्यांच्या हातात छत्री नको.

बसखाली बाटली, डबा, चेंडू काहीही गेलं तरी वाकायचं नाही. आधी ताईंना सांगायचं. मुलं वाकतात ती बहुधा घरच्या ओरड्याच्या भीतीने. म्हणून ‘बाटली हरवली तर कुणी रागावणार नाही’ हे आधीच सांगून ठेवा, आणि खरंच रागावू नका.

परदेशी व्हिडिओंत मुलं थांबलेल्या बससमोरून रस्ता ओलांडताना दिसतात. ते इथे शिकवू नका. अमेरिकेत शाळेच्या बसचे लाल दिवे लागले की वाहनांना थांबावं लागतं. आपल्याकडे बस थांबली म्हणून मागचा कुणी थांबत नाही. बस पूर्ण निघून जाऊ द्या, रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा दिसू द्या, मगच पाऊल टाका.

मुलाला मनगटाला धरा. बोट धरलेलं मूल हिसका देऊन निसटतं. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर, आणि नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना हा वेग नीट जोखता येत नाही. त्यामुळे ‘तू बघ आणि ये’ हे पहिलीतल्या मुलाला सांगायचं वाक्य नव्हे. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. लक्ष्मी रस्ता किंवा बाजीराव रस्त्यासारख्या एकेरी रस्त्यावरही दोन्हीकडे, कारण उलट्या दिशेने येणारे कमी नाहीत. सिग्नल असला तरी डावं वळण मोकळं असेल, तर हिरव्या माणसाच्या भरवशावर राहू नका. फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं बघत चाला, आणि मूल वाहनांच्या विरुद्ध बाजूला ठेवा. सोसायटीच्या पार्किंगच्या तोंडाशी फुटपाथवरही थांबून बघा.

हे तोंडी सांगून कळत नाही. रविवारी सोसायटीत उभ्या गाडीपुढे खडूने तीन मीटरची रेघ मारा, ती मुलाची साधारण सहा मोठी पावलं. इंजिन बंद करून, किल्ली काढून मुलाला चालकाच्या सीटवर बसवा आणि तुम्ही गाडीच्या नाकापुढे वाका. ‘बाबा कुठे गेले?’ असं विचारलं गेलं, की निम्मं काम झालं.

शाळेसाठी व्हॅन ठरवताना नंबरप्लेट बघा: पिवळ्यावर काळी अक्षरं म्हणजे व्यावसायिक, पांढऱ्यावर काळी म्हणजे खासगी. फिटनेस आणि विमा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून तपासता येतात. शेवटच्या थांब्यानंतर कुणीतरी मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघतं का, हेही विचारा. झोपलेलं मूल असंच राहून जातं.

नाव आणि फोन नंबर दप्तराच्या आत लिहा, बाहेर नाही. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजतं. थांब्यावर आजोबा जात असतील, तर चालक आणि ताईंचे नंबर त्यांच्या फोनमध्ये हवेत, तुमच्याच नव्हे.