वैशाखातली परसबाग: आधी मुळं थंड ठेवा

एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस लागेपर्यंतचे सात-आठ आठवडे सांगली-मिरज भागातल्या परसबागेला सर्वांत जड जातात. पारा चाळिशीच्या आसपास, दुपारभर कोरडा वारा, पाण्याची ओढाताण, आणि मध्येच एखाद्या संध्याकाळी वळीव येऊन वेलाचा मांडव आडवा करून जातो. सातारा शहर उंचावर असल्याने तिथल्या रात्री जरा बऱ्या. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला मात्र ऊन तेवढंच आणि पाणी त्याहून कमी.

ऊन वाढलं की बहुतेक जण आधी शेडनेट विकत आणतात. खरं तर तो तिसरा उपाय. पहिलं आच्छादन (मातीवरचा वाळल्या पाल्याचा थर), दुसरी पाणी देण्याची पद्धत, मग सावली. गच्चीवरचं झाड मरतं ते बऱ्याचदा वरच्या उन्हाने नाही, तर तापलेल्या स्लॅबमुळे आणि काळ्या कुंडीच्या तापलेल्या कडांमुळे. कडेची कोवळी मुळं भाजली की मातीत पाणी असूनही झाडाला ते ओढता येत नाही.

कुंडी आणि स्लॅब

कुंडी किंवा ग्रो बॅग थेट स्लॅबवर ठेवू नका. खाली दोन विटा किंवा लाकडी पट्ट्या ठेवून तीन-चार इंच उचला. खालून वारा खेळतो आणि जादाचं पाणीही निघून जातं. काळी प्लॅस्टिकची कुंडी आणि रंगाचा २० लिटरचा डबा यांना बाहेरून गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा, किंवा चुन्याचा पांढरा हात द्या. कुंड्या सुट्या ठेवण्यापेक्षा एकमेकींना चिकटून ठेवा. मोठ्या कुंड्या पश्चिमेला आणि लहान आत, म्हणजे दुपारचं ऊन मोठ्यांच्या अंगावर जातं. सहा-आठ इंची कुंडीत या दिवसांत फळभाजी घेण्याचा हट्ट नको. भेंडी, मिरचीला किमान १२ इंच खोली हवी, वांग्याला १५.

आच्छादन: पाचट आणि चिपाड

ऊसपट्ट्यात राहण्याचा परसबागेला होणारा सर्वांत मोठा फायदा म्हणजे पाचट, उसाची वाळलेली पानं. वीतभर लांबीचे तुकडे करा आणि ओल्या मातीवर तीन ते चार इंच जाड थर द्या. आधी भरपूर पाणी, मग पाचट. कोरड्या मातीवर टाकलं तर हलकं पाणी वरच अडकून राहतं. खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा ओला राहून कुजतो. वाफ्यात वाळवी असेल तर तिथे ही मोकळी जागा आणखी वाढवा.

रसवंतीतलं चिपाडही चालतं, पण ताजं नको. त्यात साखर असते, त्यामुळे मुंग्या लागतात आणि ते आंबतं. दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून खडखडीत वाळवा, मगच वापरा. आणि ते मातीत मिसळू नका. कच्चं चिपाड कुजताना मातीतलं नत्र खेचून घेतं आणि पंधरा दिवसांत पानं पिवळी पडतात. वर पसरलं तर ही अडचण येत नाही.

पाणी

किती पाणी द्यायचं याला ठरलेला आकडा नाही, पण अंदाज असावा. १२ इंची कुंडीतल्या पूर्ण वाढलेल्या भेंडीला मे महिन्यात दिवसाला दीड ते दोन लिटर लागतं, २० लिटरच्या डब्यातल्या वांग्याला दोन ते तीन लिटर. रोज थोडं थोडं शिंपडणं सर्वांत वाईट. त्याने वरचा इंचभर थर ओला होतो, मुळं वर येतात आणि तिथेच भाजतात. आच्छादन बाजूला सारून बोट दोन पेरं आत घाला. गार आणि ओलसर लागलं तर पाणी नको. जमिनीतल्या वाफ्यालाही वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावरच, पुढचं पाणी.

वेळ सकाळी आठच्या आतली. संध्याकाळी द्यायचंच असेल तर स्लॅब निवल्यावर, साडेसातनंतर. इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी दुपारी चार-पाचला हात पोळेल इतकं तापलेलं असतं. पाइपमधलं पहिलं पाणी बादलीत काढा, ती बादली सावलीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वापरा.

काळी माती कुंडीत वाळली की कडेने सुटते, भेगा पडतात, आणि घातलेलं पाणी सरळ खालून निघून जातं. वरून बघणाऱ्याला वाटतं भरपूर पाणी झालं, पण मधला गड्डा कोरडाच असतो. खुरप्याने वरची माती दोन इंच हलवा, भेगांत चाळलेलं शेणखत भरा आणि पाणी दोन हप्त्यांत द्या: आधी अर्धा लिटर, दहा मिनिटांनी उरलेलं. नव्याने कुंडी भरताना माती चार भाग, कुजलेलं शेणखत तीन भाग, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन भाग असं मिश्रण घेतलं तर हा त्रास बराच कमी होतो.

दोन-तीन दिवस गावाला जायचं असेल, किंवा पाणीच कमी असेल, तर मडकं पुरा:

१. तीन ते पाच लिटरचं, रंग किंवा तेलाचा हात न दिलेलं साधं मातीचं मडकं घ्या. पाणी भरून ठेवा. काही तासांत बाहेरचा भाग ओलसर झाला पाहिजे. झाला नाही तर ते या कामाचं नाही.

२. वाफ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा. तोंड मातीच्या वर इंचभर राहू द्या, म्हणजे माती आत पडणार नाही.

३. भोवती फूटभराच्या आत चार झाडं लावा. वांगी, मिरची, दोडका, काकडी यांना हे छान मानवतं.

४. तोंडावर परळ ठेवा. उघडं ठेवलं तर डास होतात.

५. दर दोन-तीन दिवसांनी भरा. पाणी संपायला जास्त दिवस लागू लागले तर छिद्रं क्षारांनी बुजली असं समजा. मडकं काढून काथ्याने घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा.

क्षारांचा प्रश्न इथे खरोखरच मोठा आहे. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत पाण्याच्या अतिवापराने जमिनी खारवट झाल्या आहेत आणि तिथल्या बऱ्याच बोअरचं पाणीही जड असतं. कुंडीत मातीवर पांढरी पापुद्री दिसली, जुन्या पानांच्या कडा करपल्या, तर खत घालू नका. पापुद्री खरवडून टाका आणि एकदा कुंडीच्या आकाराच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू सोडून क्षार खालून वाहून जाऊ द्या. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी कुंडीला नको, त्यात क्षार एकवटलेले असतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. कपड्याच्या साबणाचं नाही.

सावली कुठे आणि किती

गवार सोडून बाकी फळभाज्यांना ५० टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं शेडनेट पुरे. ७५ टक्क्यांच्या खाली भेंडी, गवार नुसती उंच वाढते आणि फूल धरत नाही. ते कोथिंबीर, अळू, पुदिना आणि रोपांसाठी ठेवा. नेट झाडांच्या माथ्यापासून किमान दोन-तीन फूट उंच हवं, टेकलं तर खाली उकाडा कोंडतो. दुपारी एक ते पाच हे मारक ऊन. तेव्हा सगळीकडून झाकण्यापेक्षा वर एक पट्टा आणि पश्चिमेला एक पडदा एवढं बांधा. सकाळचं ऊन झाडांना मिळालंच पाहिजे.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सांगली-साताऱ्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेला असतो. म्हणजे थंडीत दिवसभर सावलीत असलेली घराची उत्तर बाजू आता उन्हात येते. डिसेंबरात हेरून ठेवलेली सावलीची जागा मे महिन्यात पुन्हा एकदा तपासा.

काय ठेवावं, काय सोडावं

गवार, चवळी, भेंडी, पोकळा, घोळ आणि वेलवर्गीय भाज्या हे उन्हाळ्याचे सोबती. गवारीला सावली देऊच नका. बी थेट टोकावं, रोप हलवलेलं तिला सोसत नाही. भेंडीचं बी रात्रभर भिजवून इंचभर खोल, फूटभर अंतरावर लावा. हळद्या हा भेंडीचा या दिवसांतला मोठा रोग. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि तो पांढरी माशी पसरवते. झाड दुरुस्त होत नाही, उपटून टाकावं लागतं. पोकळा बियांपासून २५ ते ३० दिवसांत खुडायला येतो आणि ऊन जेवढं तेवढा वाढतो. पालेभाजीची हौस त्यावरच भागवा. मेथी-पालकाचा नाद सोडा.

कोथिंबिरीचं मात्र एक टब करावं, कारण याच दिवसांत पेंढीचा भाव चढतो. धणे रगडून दोन फाकी करा, १२ तास भिजवा, सहा इंच खोल टबात पेरा आणि ७५ टक्के नेटखाली ठेवा. उगवेपर्यंत वर ओलं गोणपाट, कोंब दिसताच ते काढा. महिन्याच्या आत कापा. उन्हाने ती लवकर फुलावर जाते, आणि मग चव जाते.

टोमॅटोच्या मागे लागू नका. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. खत आणि टॉनिक घालून हे थांबत नाही. असलेली झाडं पाणी-आच्छादनावर जगवा. फळाचा तळ काळा पडून बसला तर तो रोग नव्हे. पाणी अनियमित झाल्याने कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तसं होतं. पाणी नेमाने द्या, पुढची फळं चांगली येतात. काकडी कडू होते तीही बहुधा पाण्याच्या ओढीनेच.

वेलांना नुसती फुलं येतात, फळ धरत नाही, ही तक्रार मे महिन्यात घरोघरी असते. मोठा दिवस आणि उष्णता यामुळे नरफुलं जास्त येतात. मादीफुलाच्या मागे बोटभर इवलं फळ असतं. मधमाशा कमी असतील तर हाताने परागण करा: नरफूल तोडून पाकळ्या काढा आणि त्याचा मधला भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच घासा. काकडी, कारल्याची फुलं सकाळी उमलतात, त्यांना आठच्या आत. दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी उमलतात, त्यांना दिवेलागणीला. वेळ चुकली की मेहनत फुकट.

कोमेजणं आणि कीड

दुपारी दोनला भोपळ्याची पानं लोंबली म्हणून लगेच पाणी ओतू नका. पानं स्वतःला वाचवण्यासाठी मलूल होतात. सूर्य मावळल्यावर तासाभराने बघा. सावरली असतील तर सगळं ठीक. तेव्हाही लोंबत असतील आणि माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असूनही झाड मान टाकतंय, तर मुळं कुजली आहेत. अशा झाडाचं पाणी थांबवा.

मिरचीची पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळून लांबट झाली तर कोळी (डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड), असा ढोबळ अंदाज धरा. पानं अशी वळण्यालाच बोकड्या म्हणतात. कोरड्या हवेत लाल कोळी भेंडी-वांग्यावरही येतो, पानामागे बारीक जाळी दिसते. एक दिवसाआड सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. निम्मं काम त्यातच होतं. नाहीच आटोपलं तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, पाणी घालून एक लिटर करा, चिमूटभर साबण मिसळा आणि उन्हं उतरल्यावरच फवारा. दर सात-आठ दिवसांनी असं तीन वेळा. भर उन्हात फवारलेलं कुठलंही औषध पानं जाळतं. गंधक तर ३५ अंशांच्या वर वापरूच नये, आणि काकडीवर्गीय वेलांवर मुळीच नको.

खताचा हात आखडता ठेवा. युरिया आणि थेट ताजं शेण घालणं बंद. १५ दिवसांतून एकदा पातळ जीवामृत पुरे: दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळा. या हवेत तीन दिवसांत तयार होतं. एक भागाला दहा भाग पाणी घालून ओल्या मातीतच द्या.

वळीव आणि पुढची तयारी

आभाळ भरून आलं की शेडनेटची पश्चिमेची दोरी सोडा. ताणलेलं नेट वाऱ्यात फाटतं किंवा बांबूसकट उडतं. वळवानंतर तीन गोष्टी: कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओता, मोडलेल्या फांद्या स्वच्छ कापा, आणि दुसऱ्या दिवशी सवयीने पाणी देऊ नका.

जुन्या वांग्याचा खोडवा, म्हणजे छाटून त्याच झाडाचं पुन्हा पीक घ्यायचं, तर ते मेच्या शेवटी, एखादा वळीव पडून गेल्यावर. जमिनीपासून नऊ-दहा इंचांवर तिरपा काप द्या, किडक्या फांद्या काढून टाका, दोन ओंजळी शेणखत घाला. ऐन उन्हात छाटलं तर उघडं पडलेलं खोड भाजतं.

आलं आणि हळद अक्षय्य तृतीयेपासून मेअखेरपर्यंत कुंडीत लावता येते. साताऱ्याकडचं आलं, सांगलीकडची हळद, दोन्हींचं बेणं तेव्हा सहज मिळतं. दोन डोळ्यांचे तुकडे, दोन इंच खोल, १५ इंची पसरट कुंडीत तीन, आणि वर पाचट.

मिरची, वांगं, टोमॅटो यांचं बी मेच्या मध्यात ट्रेमध्ये टाका. मिरचीला पाच-सहा आठवडे, वांग्याला पाच, टोमॅटोला चार लागतात, म्हणून टोमॅटो दहा दिवस उशिरा टाकला तरी चालतं. ट्रे नेटखाली ठेवा, दिवसातून दोनदा बारीक झारीने पाणी. वरून पातळ वॉईलची जुनी साडी ताणून बांधा. मच्छरदाणीच्या जाळीतून पांढरी माशी सहज आत जाते, आणि तिने रोपातच विषाणू दिला तर पाऊस कितीही चांगला झाला तरी ते झाड खुरटंच राहतं. लावणीच्या आठवडाभर आधी साडी रोज थोडा जास्त वेळ काढा आणि पाणी जरा कमी करा. लावणी संध्याकाळी करा, ढगाळ दिवस मिळाला तर उत्तम.