स्लाइड शिकताना: आधी तारा गप्प करा

चौतिसाव्या वर्षी मी गिटारवर स्लाइड, म्हणजे बोटातली नळी तारांवर सरकवत वाजवायची पद्धत, शिकायला घेतली. अटलांटात नोकरीला येऊन दोन वर्षं झाली होती आणि गिटार आपल्याला बऱ्यापैकी येते असा माझा समज होता. आठवडाभर बोटात पितळी नळी घालून घासाघीस केल्यावर कोल्हापूरला आईला फोनवर ऐकवलं. आईचा सगळा जन्म पेटीवर भजनं म्हणण्यात गेला. ती दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "सूर लागेल रे हळूहळू, पण मागे एवढा कालवा कसला चाललाय?"

नव्याने शिकणाऱ्याने यातल्या कालव्याकडे आधी लक्ष द्यावं. सुराचं नंतर बघता येतं.

मला नाद लागला तो मेकनमुळे. अटलांटापासून गाडीने दीड तासावर, जॉर्जियातलंच गाव. ऑलमन ब्रदर्स बँड हा रॉक बँड 1969 मध्ये इथे येऊन राहिला. त्यांचं जुनं घर आता संग्रहालय आहे, आणि त्यांचा गिटारवादक ड्वेन ऑलमन याची कबर तिथल्याच रोझ हिल दफनभूमीत. 1971च्या ऑक्टोबरात मोटरसायकलच्या अपघातात तो गेला, तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा होता. त्याच्या स्लाइडची गोष्ट भाऊ ग्रेग सांगायचा. ड्वेन घोड्यावरून पडून कोपर दुखावून बसला होता, वर सर्दी. वाढदिवसाला ग्रेगने त्याला ताज महाल या ब्लूज गायकाची तबकडी आणि कोरिसिडिन या सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली नेऊन दिली. ड्वेनने गोळ्या ओतून टाकल्या, लेबल धुऊन काढलं आणि बाटली बोटात घातली. पुढे जेमतेम तीन वर्षं मिळाली त्याला. सदर्न रॉकमधली, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॉकमधली, स्लाइड आजही त्या तीन वर्षांवर उभी आहे.

ही गोष्ट ऐकून मीही त्याच्यासारखी 'ओपन ई' जुळवायला गेलो. ओपन ट्यूनिंग म्हणजे डाव्या हाताने काहीही न दाबता सहाही तारा छेडल्या की एक अख्खी कॉर्ड, म्हणजे जुळणाऱ्या सुरांचा गुच्छ, वाजते. ओपन ईमध्ये खालच्या जाड तारेपासून ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. नेहमीच्या ट्यूनिंगवरून इथे यायचं तर (मोजणी बारीक तारेपासून) पाचवी आणि चौथी तार एकेक पूर्ण सूर चढवायची, तिसरी अर्धा. माझी गिटार होती जुनी अकूस्टिक. तीन तारांचा वाढीव ताण तिने आठ दिवस सोसला, मग ब्रिज, म्हणजे तारा जिथे बांधतात ती पोटावरची पट्टी, मागच्या बाजूने उचलला गेला. दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीच्या आसपास. म्हणून सांगतो, अकूस्टिकवर शिकणार असाल तर 'ओपन डी' घ्या: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. तारांमधली अंतरं तीच, फक्त सगळं एक सूर खाली. तारा उतरवायच्या असल्याने तुटत नाहीत, ब्रिजही शाबूत राहतो. ईमध्येच वाजवायचं असेल तर दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा.

आता नळी सरळ आडवी धरली की कुठल्याही फ्रेटवर एक मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराची, कॉर्ड मिळते. खुल्या तारांवर घरचा स्वर, म्हणजे सा, पाचव्या फ्रेटवर चौथ्या सुराची कॉर्ड, सातव्यावर पाचव्याची, बाराव्यावर पुन्हा घर. ब्लूजचा निम्मा संसार एवढ्यात चालतो. नवखे इथेच फसतात, मीही फसलो. पहिल्या संध्याकाळीच गाण्यासारखं काहीतरी वाजतं आणि आपल्याला आलं असं वाटायला लागतं.

खरी कसरत पुढे असते. साधी गिटार वाजवताना बोट फ्रेटच्या पट्टीच्या किंचित मागे दाबतो. स्लाइडची नळी मात्र बरोबर त्या पट्टीच्या डोक्यावर हवी, आणि दाबायची नाही, नुसती टेकवायची. दाबली की फ्रेटवर आपटून खडखड होते. वरून तिरक्या नजरेने बघितलं तर जागा चुकलेलीच दिसते, म्हणून सुरुवातीला आरसा समोर ठेवून वाजवायचो. बायकोला वाटायचं हा स्वतःलाच न्याहाळतोय.

आणि तो कालवा. नळी तारेवर ठेवली की तार दोन्हीकडे थरथरते, पुढे ब्रिजपर्यंत आणि मागे नटपर्यंत, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपर्यंत. मागच्या तुकड्याचा सूर भलताच असतो. म्हणून नळीच्या मागचं बोट तारांवर हलकं पडून राहायला हवं. नळी अनामिकेत असेल तर मधलं आणि तर्जनी हे काम करतात. ड्वेनची बाटली अनामिकेतच असायची. करंगळीत घातली तर बाकीची तीन बोटं कॉर्ड धरायला मोकळी राहतात, तोही रिवाज आहे. मी करंगळीवरून अनामिकेवर आलो, कारण माझ्या करंगळीला ती नळी पेलत नव्हती.

उजव्या हाताची गोष्ट याहून अवघड. प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची टिकली, बाजूला ठेवा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तिघांनी छेडा, आणि जी तार वाजवायची नाही तिच्यावर यांतलं एखादं बोट किंवा तळव्याची कड टेकलेली असू द्या. मी दोन महिने रोज वीस मिनिटं एवढंच केलं: पहिली तार वाजवायची, बाकी पाच मुक्या. मग दुसरी. फार कंटाळवाणं काम. पण त्यानंतर पहिल्यांदा आईने फोनवर नुसतं "हं" म्हटलं.

सुरांसाठी मला उपयोगी पडला तो भूप. ओपन डीमध्ये पहिल्या तारेवर खुला सा, दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग, सातव्यावर प, नवव्यावर ध, बाराव्यावर वरचा सा. पाश्चात्य संगीतात यालाच मेजर पेंटाटॉनिक म्हणतात. ऑलमन ब्रदर्सचा दुसरा गिटारवादक डिकी बेट्स याच्या सुरावटी बऱ्याचदा याच घरातल्या. खालची डीची तार अंगठ्याने तानपुऱ्यासारखी चालू ठेवा आणि गंधार शोधा. फ्रेटच्या बरोबर वरचा गंधार किंचित चढा वाटेल, नळी केसभर मागे घेतली की गोड लागतो. तिसरी तार, म्हणजे एफ शार्प, जुळवतानाही ट्यूनरच्या काट्यापेक्षा थोडी उतरलेली ठेवणारे वादक आहेत ते याचसाठी. ब्लूजचा गंधार तर कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. पेटीवर तो नाहीच. आईने तो मान्य केलेला नाही.

ओपन ट्यूनिंग म्हणजेच स्लाइड, असं मात्र धरून चालू नका. ऑलमन ब्रदर्समध्ये पुढे आलेला गिटारवादक वॉरन हेन्स बहुतेक वेळा नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये स्लाइड वाजवतो. लिनर्ड स्किनर्ड या बँडच्या 'फ्री बर्ड' गाण्यात त्यांचा गिटारवादक गॅरी रॉसिंग्टननेही तेच केलं. तारा उंच राहाव्यात म्हणून तो नटजवळ तारांखाली स्क्रूड्रायव्हर सरकवायचा. 'स्टेट्सबरो ब्लूज'मध्ये ड्वेनची गिटार ओपन ईमध्ये जुळवलेली आहे, पण गाणं आहे डीमध्ये, म्हणजे त्याचा सा दहाव्या फ्रेटवर. खुल्या तारांच्या कुबड्या तिथे मिळत नाहीत. शिवाय ओपन मेजरमध्ये मायनर, म्हणजे कोमल गंधाराची, कॉर्ड अख्खी येत नाही, दोन-दोन तारांवर तुकड्यांनी भागवावं लागतं.

स्लाइड वादक डेरेक ट्रक्स आपल्या कानाला सगळ्यात जवळचा वाटेल. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा, 1979 चा जन्म, ऑलमन ब्रदर्सच्या ड्रमर बुच ट्रक्सचा पुतण्या. ओपन ई, प्लेक्ट्रम नाही. अली अकबर खाँसाहेबांचा सरोद तो मनापासून ऐकत आला आहे. त्याची मींड ऐकताना लक्ष द्या, तो सुरावर सरळ जाऊन बसत नाही, खालून येतो आणि पोचल्यावरच कंप देतो. आम्ही नवखे आधी कंप देतो, म्हणजे जागा चुकली तरी झाकली जाते.

सामानाबद्दल थोडक्यात. तारा जरा जाड हव्यात, अकरा किंवा बाराचा संच (आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागात). तारांची उंची थोडी वाढवून घ्या. काच मऊ वाजते, पितळ खणखणीत. नळी बोटात सैल नको, आणि सगळ्या तारा झाकण्याइतकी लांब हवी.

आता माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार आहे, ओपन ईमध्ये. दहाव्या फ्रेटवरचा तो सा सापडला आहे. पण दुसरं कडवं आलं की हात सैलावतो, अंगठा चौथ्या तारेवरून उठतो आणि मागचा कालवा परत सुरू होतो.